नव्या इलेक्ट्रिक गाडीत पाणी यायलंय? सिलिकॉन मारायच्या आधी हे बघून घ्या

मृग सरून आर्द्रा लागल्या की आमच्या गॅरेजला एकाच तक्रारीच्या गाड्या यायला लागतात. खानापूर, जांबोटी, लोंढा, इकडं चंदगड, म्हणजे जिथं पाऊस चार-चार दिवस हटत नाही असल्या भागातनं. "गाडी नवी आहे हो, वर्ष पण झालं नाही, आणि आत पाणी यायलंय." मी बेळगावात १४ वर्षं बॉडीचं काम करतोय, म्हणजे डोअर पॅड (दाराचं आतलं आवरण), रबर, काचा, सीलर (पत्र्याच्या जोडावर लावायचा लेप) एवढंच. मोटर आणि बॅटरी हे माझं काम नाही आणि त्यात मी हात घालत पण नाही. पण गेल्या चार पावसाळ्यांत इलेक्ट्रिक गाड्यांचं हे दुखणं इतक्या वेळा शोधून काढलंय की सगळं एका जागी लिहून ठेवावं म्हटलं. कुठली कंपनी ते विचारू नका, चार-पाच वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्यांत सारखंच बघितलंय.

आधी लक्षणं. सकाळी दार उघडल्या उघडल्या ओल्या गोणपाटासारखा कुबट वास येतो. काचा आतनं धुरकट होतात, एसी लावला तरी लवकर जात नाहीत. दार लावताना किंवा ब्रेक मारताना दारात डुबुक-डुबुक आवाज येतो. टेल लॅम्पच्या आत थेंब दिसतात, किंवा डिकीत ठेवलेली चार्जिंग केबलची पिशवी खालनं ओली लागते. आणि जे लक्षण लोक पाण्याशी जोडतच नाहीत ते म्हणजे मधेच सीट बेल्टचा इशारा वाजणं, दार बंद असून उघडं दाखवणं, काचेचं बटण कधी चालणं कधी न चालणं. बहुतेक गाड्यांत सीटखाली वायरींचे जोड आणि छोटे कंट्रोल बॉक्स असतात, आणि गाडीत शिरलेलं पाणी शेवटी तिथंच जाऊन बसतं.

मॅट कोरडं आहे म्हणून पाणी नाही असं समजू नका. मॅट उचला, खालच्या कार्पेटवर अंगठा जोरात दाबून दहा सेकंद धरा. कार्पेटच्या खाली जाड फोम असतो, तो स्पंजसारखं पाणी धरून ठेवतो, वरनं हात फिरवला तर कळत नाही पण दाबल्यावर अंगठ्याच्या भोवती पाणी वर येतं. चारी पायाखाली असं दाबून बघा, डिकीतला फ्लोअर उचलून खालचा खड्डा पण बघा. पुष्कळ इलेक्ट्रिक गाड्यांना स्टेपनीच नसते, त्यामुळे त्या खड्ड्यात वर्षवर्ष कुणी डोकावत नाही. कणकुंबीच्या बाजूच्या एका गुरुजींच्या गाडीत मी तिथनं दोन तांबे पाणी काढलंय.

ओल सापडली की लगेच तारखेसकट फोटो आणि व्हिडिओ काढून ठेवा. का ते पुढं सांगतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पाणी कुठनं येतंय हे नंतर, आधी ते कधी येतंय ते ठरवा. पाऊस पडल्यावर उभ्या गाडीत येतंय का? पावसात चालवल्यावरच येतंय का? धुतल्यावर येतंय का? की पाऊस नसताना एसी चालवल्यावर? गाडी उतारावर तोंड खाली करून लावता का? ह्या पाच प्रश्नांनी निम्मं काम होतं. एप्रिलच्या भर उन्हात गोकाकचे एक साहेब आले, "ओळग नीर बराकत्तैत्रि", म्हणजे आत पाणी यायलंय म्हणत, त्यांना आधी कुणीतरी सनरूफ गळतोय म्हणून सांगितलं होतं. गोकाकला एप्रिलमध्ये कुठला पाऊस? ते एसीचं पाणी होतं, पुढच्या डाव्या पायाखाली.

पाण्याचा रंग पण बघा, पांढऱ्या टिश्यूवर टिपून घ्या. स्वच्छ आणि बिनवासाचं असेल तर बहुतेक एसीचं. आपल्याकडची तांबडी माती टिश्यूवर उतरली तर बाहेरचं. आणि हिरवं, गुलाबी, निळं असं काही असेल, बोटाला चिकट लागत असेल, तर ते कूलंट आहे, चाखून वगैरे बघू नका, ते विषारी असतं. बहुतेक इलेक्ट्रिक गाड्यांत पण बॅटरी आणि मोटर गार करायला कूलंट असतं. तसं दिसलं तर पुढचं काहीच करायचं नाही, सरळ सर्व्हिस सेंटर.

बिनपैशाची तपासणी आधी. गाडी घेतल्यावर बाहेरनं काय काय बसवलंय ते आठवा. डॅशकॅम, ॲम्प्लिफायर, मागचा कॅमेरा, जादा लाइट. वायर आत घ्यायला लोक पत्र्याला असलेला रबरी ग्रोमेट, म्हणजे भोकातलं बूच, सुरीनं कापतात आणि तसाच सोडतात, मग पावसाचं पाणी वायर धरून आरामात आत येतं. वडगावच्या एका ग्राहकाचे तीन महिने ह्यात गेले, कंपनीला शिव्या घालून झाल्या, निघाली ती डॅशकॅमची वायर. असं असेल तर कंपनी वॉरंटीत पण घेत नाही, म्हणून हे पहिलं बघायचं. आणि ती पायाखालची लॅमिनेशनची जाड मॅट बसवली असेल तर काढा, ती पाणी आणत नाही पण आलेलं सुकू पण देत नाही, आणि ओल लपवते.

मग पाणी जायच्या वाटा. वायपरच्या खाली जाळी असते, तिथं चिंचेचा, गुलमोहराचा पाला साठतो. पाला साठला की काचेवरचं पाणी खाली जायला वाट मिळत नाही, ते तुंबतं आणि एसीच्या हवेच्या तोंडातनं आत येतं. हातानं पाला काढा, एक मग पाणी हळू ओता आणि खाली चाकाजवळ पडतंय का बघा. दाराच्या तळाला पण दोन-तीन बारीक भोकं असतात, चिखलानं बुजतात, प्लास्टिकच्या टायनं मोकळी करा. दारातला डुबुक आवाज बहुतेक इथंच संपतो.

सनरूफ असेल तर त्याच्या चार कोपऱ्यांना चार निचऱ्याच्या नळ्या असतात. सनरूफ कधीच शंभर टक्के पाणी अडवत नाही, त्याची रचनाच तशी आहे, थोडं पाणी आत येणार आणि नळीनं बाहेर जाणार. एका कोपऱ्यात चहाचा अर्धा कप पाणी ओता, ते गाडीखाली पडायला पाहिजे. पडलं नाही तर नळी बुजली किंवा जोडातनं निसटली. इथं एक विनंती, कंप्रेसरची हवा मारू नका. नळी खांबाच्या आत नुसती ढकलून बसवलेली असते, जोराच्या हवेनं ती आतल्या आत सुटते आणि मग छताचं कापड खाली घ्यावं लागतं. गवत कापायच्या मशीनची नायलॉनची दोरी येते ती हळू घाला, तेवढं बास.

एसीची तपासणी अगदी सोपी. कोरड्या जागी गाडी उभी करून वीस मिनिटं एसी फुल्ल लावा. गाडीखाली पुढच्या बाजूला पाण्याचं डबकं व्हायला पाहिजे, आपल्याकडच्या दमट हवेत तर नक्कीच. झालं नाही आणि आत पायाखाली ओल वाढली, तर निचऱ्याची नळी मुडपलीय किंवा फॅक्टरीत पत्र्याच्या भोकातनं नीट बाहेर ओढलेली नाही. गोकाकच्या गाडीत नळीचं तोंड कार्पेटच्या आतच राहिलं होतं, भोकापर्यंत पोचलंच नव्हतं. बसवणाऱ्याच्या हाताचं दोन सेकंदाचं काम राहिलं आणि गाडीच्या मालकाचा उन्हाळा गेला.

आता दाराचं रबर. ह्याला दहा रुपयाची नोट पुरते. नोट अर्धी आत अर्धी बाहेर ठेवून दार लावा आणि ओढा. थोडं अडकून, दाब लागून निघाली पाहिजे. एक-एक वीत सरकवत अख्ख्या दाराभोवती करा, जिथं नोट सळकन निघते तिथं रबर नुसतं टेकतंय, दबत नाही. त्यापेक्षा चांगलं म्हणजे रबरावर बोटानं पावडर लावा, घरची टाल्कम चालते, दार एकदा लावून उघडा. पत्र्यावर पावडरची पांढरी रेघ उमटते. रेघ सगळीकडं सारख्या रुंदीची पाहिजे, जिथं ती दोऱ्यासारखी बारीक होते किंवा तुटते ती तुमची जागा. तिथंच बाहेरनं दार आणि बॉडी ह्यांच्यातली फट बघा, डाव्या बाजूला ४ मिमी आणि उजव्या बाजूला ६ मिमी असं दिसलं तर रबर बदलून काही होणार नाही, दार कब्ज्यावर सरकवून बसवावं लागतं. लोक फट बघून म्हणतात दिसायला वाईट दिसतंय, पण प्रश्न दिसण्याचा नाही, रबर किती दबायला पाहिजे ते त्या फटीवर ठरतं. कब्जा तुम्ही स्वतः सैल करू नका, दार जड असतं आणि एकदा बिघडलं की कुलूप पण बसत नाही.

आता मी ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसलो ते. माझ्याकडं आलेल्या गाड्यांत सगळ्यात जास्त वेळा दोष निघालाय तो दाराच्या आतल्या शीटचा. पुष्कळ लोकांना माहीत नसतं की दाराच्या आत पाणी जाणं हे नॉर्मल आहे. काच खाली-वर होते ना, तिच्या बाहेरच्या बाजूनं पाणी दाराच्या पोकळीत उतरतंच, प्रत्येक गाडीत, आणि तळाच्या भोकांतनं निघून जातं. ते पाणी गाडीच्या आत येऊ नये म्हणून पोकळी आणि डोअर पॅड ह्यांच्यामध्ये प्लास्टिकची किंवा फोमची शीट असते, ती ब्यूटाइलनं चिकटवतात, ब्यूटाइल म्हणजे काळी, च्युइंगगमसारखी चिकट दोरी. ही शीट फॅक्टरीत माणूस हातानं बसवतो आणि रोलरनं किंवा तळव्यानं दाबत जातो. कुठं दोन बोटं जागा दाबायची राहिली की संपलं.

त्या गुरुजींच्या गाडीचं सांगतो. सर्व्हिस सेंटरला तीन खेपा झाल्या होत्या. पहिल्यांदा रबर बदललं, दुसऱ्यांदा काचेच्या कडेनं सिलिकॉन मारलं, तिसऱ्यांदा "पावसात काच उघडी राहिली असेल" म्हणून परत पाठवलं. गुरुजी काही ओरडले नाहीत, नुसतं म्हणाले, पोरांना मागच्या सीटवर बसवायला लाज वाटते, वास येतो. आम्ही मागच्या डाव्या दाराचं पॅड काढलं आणि बाहेरनं काचेवर मगानं हळूहळू पाणी सोडलं. टॉर्च मारून बसलो. पाचेक मिनिटं काहीच नाही. मग स्पीकरच्या खालच्या कोपऱ्यात शीटच्या कडेला एक थेंब जमला, फुगला, आणि दार-पट्टीवर टपकला. परत दुसरा. शीट उचलून बघितली तर बाकी सगळीकडं काळं ब्यूटाइल दबून चपटं झालेलं आणि तेवढ्याच जागी दोरी गोलच्या गोल, चकचकीत, जशी पुड्यातनं काढली तशी. तिला कुणाचा हात लागलाच नव्हता. जुनं ब्यूटाइल पुसून नवीन लावून दाबलं, दीड तासाचं काम.

हे घरी करायचं का? डोअर पॅड काढायचा हात असेल आणि वॉरंटी संपली असेल तर करता येतं, पण काही गाड्यांत दाराच्या पोकळीत साइड एअरबॅगचा सेन्सर असतो आणि त्याला शीट नीट बंद असणं लागतं. वॉरंटीत असेल तर पॅडला हात लावू नका, सर्व्हिस सेंटरला सांगा की काचेवर पाणी सोडून शीट तपासा, माझ्यासमोर तपासा. एवढं नेमकं सांगितलं की काम होतं.

ह्यातनं पण सापडलं नाही तर पाइपची टेस्ट. एकानं आत टॉर्च घेऊन बसायचं, एकानं बाहेर बागेचा साधा पाइप धरायचा, प्रेशर वॉशर नाही. प्रेशरनं चांगलं रबर पण पाणी सोडतं आणि तुम्हाला खोटं उत्तर मिळतं. सुरुवात खालनं करायची, दाराचा तळ, मग मध्य, मग काच, मग छत, प्रत्येक ठिकाणी पाच मिनिटं. वरनं सुरू केलं तर पाणी वाहत सगळीकडं जातं आणि कुठनं आलं ते कळतच नाही. घाई करू नका, काही गळत्या दहा मिनिटांनी सुरू होतात.

डिकीत येत असेल तर संशय टेल लॅम्पच्या गास्केटवर, डिकीच्या रबराच्या जोडावर, आणि बंपरच्या मागं हवा बाहेर जायच्या झडपा असतात त्यांच्यावर. त्याही पलीकडं म्हणजे पत्र्याचे दोन तुकडे जिथं जोडतात तिथला सीलर सुटणं. ते शोधायला सीट, कार्पेट, कधी छताचं कापड काढावं लागतं. हे घरचं काम नव्हे आणि वॉरंटी असताना आमच्यासारख्या बाहेरच्या गॅरेजचं पण नव्हे.

सिलिकॉनबद्दल हात जोडून सांगतो. हार्डवेअरच्या दुकानात मिळणाऱ्या साध्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो, त्यातल्या ॲसिडनं पत्रा गंजतो. वर रंग बसत नाही. आणि खरी गळती शोधायला आलेल्या माणसाला आधी अर्धा दिवस ते खरवडत बसावं लागतं.

आता कुठं थांबायचं ते. केशरी रंगाची जाड केबल दिसली, तिथं थांबा. ती हाय व्होल्टेजची असते, तिच्या आजूबाजूला ओल असेल तर हात, पाना, टॉर्चचा दांडा काही घालायचं नाही. पिवळा कनेक्टर म्हणजे एअरबॅग, तो सोडवायचा नाही. डॅशबोर्डवर हाय व्होल्टेजचा, इन्सुलेशनचा किंवा गाडी थांबवा असा इशारा आला तर चार्जिंगला लावू नका, चालू करून बघू नका, टोइंग मागवा. सीटखालच्या कनेक्टरवर हिरवट गंज धरला असेल तर तेही ट्रेनिंग झालेल्या टेक्निशियनचंच काम. आणि गाडी पुराच्या पाण्यात उभी राहिली असेल, २०१९ च्या ऑगस्टमध्ये आपण बघितलंय किती गाड्या बुडाल्या ते, तर ही पोस्ट बाजूला ठेवा. घरापासून, गोठ्यापासून, दुसऱ्या गाड्यांपासून ५० फूट तरी लांब ठेवायला सांगा आणि कंपनीला फोन करा.

बॅटरीत पाणी जाईल का हे सगळेच विचारतात. बॅटरी पॅक केबिनच्या बाहेर, खाली, वेगळा बंद असतो. बहुतेक कंपन्या आयपी ६७ देतात, म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटं. कार्पेट ओलं झालं म्हणून बॅटरी ओली झाली असं नाही. पण चोर्ल्याच्या किंवा तिलारीच्या रस्त्यात दगडावर पॅक खालनं घासला असेल तर ते सील तसंच आहे असं धरून चालू नका, लिफ्टवर घेऊन दाखवा.

फॅक्टरीत हे निसटतं कसं, असं लोक रागानं विचारतात, आणि राग बरोबरच आहे. लाइनच्या शेवटी गाडीवर फवारे मारून तपासतात. पण ती गाडी सपाट जमिनीवर काही मिनिटं उभी असते, आपल्या खड्ड्यांत सहा महिने हलून आलेली नसते. नवं मॉडेल जोरात बनवायला सुरुवात होते तेव्हा हाताची कामं जास्त चुकतात. टेस्लाचं २०१८ चं मॉडेल ३ आठवा, अमेरिकेतल्या फ्रीमाँटच्या कारखान्याबाहेर तंबू ठोकून लाइन चालवली होती, आणि सँडी मन्रो ह्या अमेरिकन इंजिनिअरनं गाडी सुटी करून फटी आणि बॉडीची रचना ह्यावर जाहीर टीका केली. पुढं मॉडेल वाय मध्ये त्याच कंपनीनं मागच्या खालच्या भागाचे सुमारे ७० तुकडे काढून तिथं एक-दोन मोठे ओतीव भाग आणले. बेळगावच्या उद्यमबागेत फौंड्रीत काम करणाऱ्यांना हे लगेच कळेल, जोड कमी म्हणजे सीलर लावायच्या जागा कमी, चुकायच्या जागा कमी.

पण प्रत्येक सुधारणा एवढी मोठी नसते. बहुतेक वेळा ब्यूटाइल बदलतात, नळीला क्लिप वाढवतात, रोलरनं दाबायची पायरी सक्तीची करतात, आणि हे चालू उत्पादनातच गुपचूप होतं. म्हणून एकच मॉडेल, जानेवारीतलं गळतं आणि सप्टेंबरमधलं गळत नाही. कंपनीला हे कळतं कुठनं? जॉब कार्डवरनं, म्हणजे गाडी घेताना सर्व्हिस सेंटर तक्रार लिहितं त्या कागदावरनं. सर्व्हिस ॲडव्हायझर "जनरल चेकअप" किंवा "वॉशिंग" लिहून गाडी घेतो, सिलिकॉन मारतो आणि देतो, तेव्हा फॅक्टरीच्या हिशेबात तुमची गाडी कधी गळलीच नाही. पुढच्या हजार गाड्यांची शीट तशीच बसते. म्हणून जॉब कार्डवर "केबिनमध्ये पाणी येते, मागील डावे दार" असं जागेसकट लिहून घ्या, प्रत्येक खेपेला, आणि त्याची कॉपी घ्या. सुरुवातीला काढायला सांगितलेले फोटो त्याला जोडा. कानडीत, मराठीत, इंग्लिशमध्ये, कशातही लिहा पण लिहा. तीन खेपा होऊन पण दुरुस्त झालं नाही तर ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग, ५० लाखांपर्यंतच्या वस्तूची तक्रार जिल्ह्यातच घेतात. गुरुजींच्या तीनही जॉब कार्डांवर पाण्याचा एक शब्द नव्हता, त्यामुळे त्यांना चौथ्यांदा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली.

गळती बंद झाली की सुकवणं अर्धवट सोडू नका. श्रावणात ऊन नाही, नुसत्या दारं उघड्या ठेवून फोम सुकत नाही. कार्पेटची कडा उचलून खाली लाकडाचा ठोकळा द्या, टेबल फॅन लावा, दोन-तीन दिवस तरी. हेअर ड्रायर किंवा हीटर लावू नका, वायरींचं आवरण मऊ होतं. सुकलं की मॅटखाली, जिथं आधी ओल होती तिथं, टिश्यूची घडी ठेवा आणि पुढच्या मोठ्या पावसानंतर काढून बघा. कोरडी निघाली तरी परत ठेवा, आश्लेषा संपेपर्यंत.